नवा पीसी आणि आमची रॅमकहाणी

मी निपाणीत राहतो, धंदा लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बमचा. तुळशीच्या लग्नानंतर जे काम सुरू होतं ते ज्येष्ठापर्यंत मान वर करू देत नाही आणि आषाढ लागला की एकदम हात रिकामे, त्यामुळे कॅमेरे सर्व्हिसिंगला देणं, पार्ट्यांकडची उधारी गोळा करणं, मशीन बदलणं ही सगळी कामं ह्याच दिवसांत उरकायची. २०२५ च्या आषाढात मशीनचा नंबर होता. जुन्या पीसीत १६ जीबी डीडीआर४ रॅम (काम चालू असताना डेटा धरून ठेवणारी मेमरी, डीडीआर५ ही तिची पुढची पिढी), आणि आता प्रत्येक लग्नाला तीन कॅमेरे, तिन्हीचं फुटेज ४के. डाव्हिंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मल्टिकॅम (तिन्ही कॅमेरे एकत्र) लावला की मशीन असं काय थांबायचं की क्लायंट शेजारी बसलेला असेल तर उगाच हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागायच्या.

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नव्हे. जुना पीसी मीच जोडला होता, बस्स तेवढाच अनुभव. पण ह्या वेळी रॅमच्या बाबतीत जे काय झालं ते सगळं सापडेल तसं शोधत, फोनवर विचारत केलं, आणि आमच्या भागात डीडीआर५ वाली मंडळी तेव्हा कमी, त्यामुळे शेजारच्याची स्टिक (रॅमची पट्टी) लावून बघू म्हटलं तर शेजारी सगळे डीडीआर४ वर. दोन्हीला पिना २८८ च असतात पण खाच वेगळ्या जागी, एकमेकांच्या स्लॉटात बसतच नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पार्ट ठरवताना प्रोसेसर रायझन ७ ७७००, बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) बी६५० चिपसेटचा, ग्राफिक कार्ड जुनंच. रॅमचं गणित जरा विचार करायला लावणारं होतं. ३२ जीबी घेतली तर दोन वर्षांत परत रड, ६४ घेतली तर बजेट हलतंय. मध्ये एक ४८ जीबीचं किट मिळतं, २४-२४ च्या दोन स्टिक. १६, ३२ हे आकडे आपल्या सवयीचे, २४ ऐकून मलाही आधी खोटं वाटलं, पण २०२३ पासून २४ गिगाबिटच्या चिप यायला लागल्या, तसल्या आठ चिप एका स्टिकवर म्हणजे २४ जीबी. किटवर लिहिलेलं ६००० (हा वेग), १.३५ व्होल्ट, एक्स्पो (तो वेग एका सेटिंगने चालू करायची सोय). किंमत तेव्हा १३,९०० रुपये, जीएसटी धरून.

आता खरेदी कोल्हापुरात की बेळगावात हा निपाणीकरांचा कायमचा प्रश्न. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. टॅक्स दोन्हीकडे १८ टक्केच, फक्त कोल्हापूर महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात, त्यामुळं तिथल्या बिलावर निपाणीचा पत्ता घातला की दोन राज्यांमधला आयजीएसटी लागतो आणि बेळगावच्या बिलावर केंद्राचे ९ अधिक राज्याचे ९. बेळगावात एका दुकानात बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सगळं एकाच वेळी स्टॉकला होतं म्हणून शनिवारी ५ जुलैला तिकडंच गेलो. दुकानदाराने आधी एस्टिमेटचा कागद पुढं केला, "पक्कं बिल पाहिजे असंल तर पण सांगा की" म्हणाला. मी पक्कं बिल घेतलंच, आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घेतला. तेव्हा तो माझ्याकडं जरा वैतागूनच बघत होता, पण पुढं हाच कागद कामाला आला, त्यामुळं तुम्ही कुठंही घ्या, सिरियल नंबर नसलेलं बिल घेऊन घरी येऊ नका.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलो आणि दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. रॅम दोन स्टिक असल्या की सीपीयूकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं, मॅन्युअलमध्येही तेच. दाबताना कट्ट आवाज आला. बटण दाबलं. पंखे फिरले, लाईटा लागल्या, मॉनिटर काळा.

बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारके दिवे असतात, सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक) आणि बूट. चालू होताना एकेक पेटतो आणि विझतो, ज्याच्यावर अडलं तो पेटलेला राहतो. माझा डीरॅमचा पिवळा दिवा पेटला आणि तसाच राहिला.

इथं घाबरून लगेच बंद करायचं नाही, एवढं मला माहीत होतं. डीडीआर५ मध्ये पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची ट्रेनिंग करतं, म्हणजे प्रत्येक स्टिकला सिग्नल पाठवून कुठल्या वेळेला, किती व्होल्टेजवर तो नीट वाचता येतोय ते स्वतः शोधून काढतं, आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच येत नाही. पाच मिनिटं, कधी दहा, रॅम जास्त असेल तर अजून थोडं. खूप जण एवढ्यातच बटण दाबून बंद करतात, परत चालू करतात, परत ट्रेनिंग पहिल्यापासून. मी घड्याळ लावून अर्धा तास सोडलं. दिवा हलेना.

मग एकेक करून कमी करत गेलो. ग्राफिक कार्ड काढलं आणि मॉनिटरची वायर बोर्डाच्या एचडीएमआयला लावली, रायझन ७००० मध्ये साधं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं त्यामुळं ही सोय आहे. काही नाही. एक स्टिक काढली, दुसरी ए२ मध्ये ठेवली, थांबलो. काही नाही. स्टिक बदलली, थांबलो. तेच. सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बोर्डाने साठवलेली सेटिंग पुसली, त्यासाठी वायर काढून बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने थोडा वेळ जोडायच्या, ते जमलं नाही तर बटण सेल, सीआर२०३२ लिहिलेला, काढून पाच-दहा मिनिटं ठेवायचा. काही नाही. कूलरचे स्क्रूही सैल करून परत सारखे आवळले, कारण एएम५ मध्ये (ह्या रायझनच्या सॉकेटचं नाव) पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात आणि एका बाजूने जास्त दाब आला तर एखादं मेमरी चॅनेल (प्रोसेसरची रॅमकडं जाणारी वाट) गायब होतं असं होऊ शकतं. तरीही पिवळा दिवा आपला पेटलेला.

दुकानात फोन केला तर उत्तर, "रॅम खराब असंल सर, न्हाईतर बोर्ड. घेऊन या की सगळं." सगळं म्हणजे कॅबिनेटसकट, भर पावसात, तवंदी घाट ओलांडून बसने. आणि तिथं जाऊन तो काय करणार तर दुसरी रॅम लावून बघणार. मला एक गोष्ट पटत नव्हती. दोन स्टिक एकाच वेळी खराब निघणं अवघड, आणि वेगवेगळ्या लावूनही दोन्ही अगदी सारख्याच वागत होत्या.

पुण्यात मावसभाऊ आहे, आयटीत. रात्री त्याला व्हिडिओ कॉल लावला, सगळं दाखवलं. त्याने रॅमचं नाव विचारलं, मग २४ जीबी ऐकल्यावर लगेच म्हणाला, "दादा, बोर्डावर बायोसचा स्टिकर कुठं दिसतोय का बघ." बायोस म्हणजे बोर्ड सुरू करणारं, त्याच्यावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर; त्या चिपवर एक बारका स्टिकर होता, त्यावर व्हर्जन. त्याने बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर ते शोधलं, तर ते २०२२ मधलं, बोर्ड बाजारात आलं तेव्हाचं. म्हणजे हे बोर्ड दुकानात नाहीतर गोडाऊनमध्ये कधीपासून पडून होतं कोण जाणे. आणि एएम५ बोर्डांना २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक ओळखता यायला लागल्या त्या २०२३ मध्ये आलेल्या नव्या बायोसपासून. त्याआधीच्या बायोसला हा आकारच माहीत नाही. रॅम चांगली, बोर्ड चांगलं, दोघांची गाठ पडायला मधलं सॉफ्टवेअर जुनं.

मी म्हटलं पण कंपनीच्या यादीत ही रॅम आहे की. बोर्डाच्या साइटवर क्यूव्हीएल नावाची यादी असते, तपासलेल्या रॅमची, त्यात माझ्या किटचा पार्ट नंबर अगदी अक्षर न अक्षर जुळत होता, ते बघूनच घेतलं होतं. तो म्हणाला ती यादी आजच्या बायोसवर धरायची, डब्यातून निघणाऱ्या बायोसवर नव्हे. हे कुणी सांगत नाही बघा. यादी बघताना शेजारी बायोसची पानंही उघडा आणि प्रत्येक व्हर्जनसमोर काय लिहिलंय ते वाचा, "मेमरी कंपॅटिबिलिटी सुधारली" असली ओळ किती वेळा येते ते बघून थक्क व्हाल.

स्क्रीनच येत नसेल तर बायोस अपडेट कसं करायचं? त्यासाठी बऱ्याच बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, प्रोसेसर, रॅम काही चालू नसलं तरी चालतं, फक्त एसएमपीएसची मोठी चोवीस पिनची आणि सीपीयूची अशा दोन वायरी लागलेल्या पाहिजेत. बोर्ड घेताना हे बटण आहे का ते बघून घ्या, पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, आणि ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर विंडोज तो पर्यायच दाखवत नाही, म्हणून लहान शोधा. माझ्याकडं अल्बम द्यायला आणलेले १६ जीबीचे पडलेले असतातच. जुन्या पीसीवर बायोसची फाईल उतरवली, झिप सोडवली, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव दिलं, मागच्या खुणेच्याच यूएसबी पोर्टमध्ये घातला.

आणि मग बटण दाबायच्या आधी थांबलो, कारण लाईट. त्या आठवड्यात पाऊस असा की दिवसातून केव्हाही लाईट जायची. बायोस लिहिताना मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचं झोपू शकतं. घरी इन्व्हर्टर आहे पण साध्या मोडवर तो बदलायला जरा वेळ घेतो आणि तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो, हे मी रेंडर करताना भोगलेलं. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे एक स्विच असतो, यूपीएस मोडचा, तो टाकला की पटकन बदलतं. मी तरीही मित्राच्या दुकानातला यूपीएस उचलून आणला, त्यावर लावलं आणि मग बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला, पाचेक मिनिटं लुकलुकला आणि विझला. त्या पाच मिनिटांत घरात कुणाला मिक्सरही लावू दिला नाही, त्याचा काही संबंध नसताना.

मग रॅमच्या दोन्ही स्टिक परत लावल्या, बटण. पिवळा दिवा. पाच मिनिटं गेली, सात गेली, मशीन आपोआप एकदा बंद होऊन चालू झालं (ट्रेनिंगमध्ये असं होतं, हात लावायचा नाही) आणि मॉनिटरवर बायोसची स्क्रीन आली. मेमरी ४९१५२ एमबी, स्पीड ४८००. बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली "मग आता झालं न्हवं?"

नव्हतं झालं. इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण स्क्रीन आली म्हणजे रॅम जुळली असं सगळे धरून चालतात.

रॅमच्या बाबतीत आकडे तीन असतात. डब्यावरचा आकडा, माझ्या बाबतीत ६०००. काहीही सेटिंग न करता लावली की ज्यावर चालते तो, ४८००. आणि प्रोसेसरची कंपनी एएमडी ज्याची हमी देते तो, रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकसाठी ५२००. म्हणजे ६००० हा रॅम कंपनीचा शब्द आहे, प्रोसेसर कंपनीचा नव्हे, आणि एक्स्पो चालू करणं हे एएमडीच्या हिशेबात ओव्हरक्लॉकिंग (हमीच्या वेगापेक्षा जास्त पळवणं), वॉरंटीत न बसणारं, ते तसं लिहूनच ठेवतात. इंटेलवाल्यांचं एक्सएमपीही तसंच. प्रत्यक्षात सगळे चालू करतात, पण बायोस नवं करूनच करा. २०२३ च्या एप्रिलच्या सुमाराला काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या होत्या, एक्स्पो चालू केल्यावर जुनी बायोसं प्रोसेसरच्या एसओसी भागाला जास्त व्होल्टेज द्यायची, त्यानंतरच्या बायोसमध्ये एएमडीने ते १.३ व्होल्टवर अडवलं. माझा प्रोसेसर एक्स३डी नाही, तरी २०२२ च्या बायोसवर एक्स्पो टाकायची माझी काही छाती झाली नसती.

मावसभावाने बजावलं होतं, विंडोज घालायच्या आधी मेमटेस्ट८६ चालव. रॅम चुकत असताना विंडोज घातलं तर फाईलीच चुकीच्या लिहिल्या जातात आणि मग दोष नेमका कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच बूट करायचं, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. ४८ जीबीला चार फेऱ्या म्हणजे रात्र जाते. पहिली रात्र ४८०० वर. सकाळी बघितलं, एकही एरर नाही. दुसऱ्या रात्री एक्स्पो चालू करून ६००० वर लावलं आणि जेवायला बसलो, ताटावरून उठेपर्यंत स्क्रीन लाल.

एरर एकच आली तरी ती एररच, इथं पास व्हायला पस्तीस मार्क नाहीत. शून्य म्हणजे शून्य.

आता दोष चार ठिकाणी असू शकतो: स्टिक, स्लॉट, प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर, नाहीतर तिघांचं एकमेकांशी न जमणं. हे वेगळं करायला डोकं लागत नाही, वेळ लागतो. स्टिकवर पेन्सिलने कागदी पट्टीवर अ आणि ब लिहून चिकटवलं, सिरियल नंबर वहीत उतरवले. अ एकटी ए२ मध्ये, ६००० वर, टेस्ट. ब एकटी त्याच ए२ मध्ये, त्याच सेटिंगवर, टेस्ट. मग दोन्ही पाळीपाळीने बी२ मध्ये. प्रत्येक वेळी सेटिंग बदललं की ट्रेनिंग परत, परत काळी स्क्रीन, परत वाट. अ दोन्ही स्लॉटमध्ये स्वच्छ. ब दोन्ही स्लॉटमध्ये लाल. म्हणजे स्लॉट निर्दोष, प्रोसेसरही अ ला ६००० वर नीट चालवतोय, दोष ब मध्ये. ब ला ५६०० वर आणलं तर एरर कमी झाल्या पण होत्या, ५२०० वर शून्य.

एक सल्ला आला की व्होल्टेज १.३५ चं १.४० कर, चालून जाईल. कदाचित गेलंही असतं. पण डब्यावर १.३५ ला ६००० लिहिलंय, मग मी माझ्या खर्चाने जास्त करंट का पाजू, आणि उद्या वॉरंटीत द्यायची वेळ आली तर? नाही केलं. दुसरा सल्ला, ५२०० वर चालव आणि गप बस. ह्यावर मी खरंच विचार केला, कारण वेगातला फरक कामात फार दिसणार नाही हे कळत होतं. पण किट म्हणजे बैलजोडी, दोन्ही एका चालीचे म्हणून जोडीने विकलेत, त्यातला एक चढाला लटपटतोय हे नव्याकोऱ्या मालात दिसत असताना त्याच्या भरवशावर पुढची चार-पाच वर्षं क्लायंटचं लग्न ठेवायचं हे मला जमेना. लग्न परत शूट करता येत नाही.

बेळगावला दुकानात गेलो, फक्त रॅम, बिल आणि मोबाईलमध्ये लाल स्क्रीनचे फोटो घेऊन. तिथलं बोलणं मजेशीर झालं.

"४८०० ला चालूलालंय न्हवं सर?"

"चालतंय."

"मग झालं की. ६००० म्हणजे ओव्हरक्लॉक. त्याला कंपनी काय करणार?"

अर्धं खरं होतं ते, म्हणूनच घोळ. प्रोसेसरच्या बाजूने बघितलं तर ओव्हरक्लॉक, पण रॅमच्या डब्यावर, स्टिकवरच्या लेबलवर आणि त्याच्याच बिलावर ६००० लिहिलंय, पैसे त्या आकड्याचे घेतलेत. मी लेबल पुढं धरलं. तो भांडला नाही, पण बदलूनही दिलं नाही, दुकानातून बदलून द्यायची सात दिवसांची मुदत होऊन गेलीय आता कंपनीकडं पाठवा म्हणाला आणि कस्टमर केअरचा नंबर बिलाच्या मागे लिहून दिला. म्हणून म्हणतो, पार्ट आणले की बाजूला ठेवू नका, पहिल्या आठवड्यातच सगळ्या टेस्ट करून घ्या.

कस्टमर केअरला फोन लावला तर भाषा निवडायला कन्नड, हिंदी, इंग्रजी. हिंदी निवडली, तरी बाई कन्नडमधून सुरू झाल्या, मी "स्वल्प स्वल्प बरतद री" (थोडं थोडं येतं हो) म्हटल्यावर हसल्या आणि पुढचं सगळं हिंदीत नीट समजावून सांगितलं. फोनवर काही होत नाही, ऑनलाइन फॉर्म भरायचा. त्यात दोन्ही स्टिकचे सिरियल नंबर, लेबलचे दोन्ही बाजूंनी फोटो, बिलाची पीडीएफ, बोर्ड आणि प्रोसेसरचं मॉडेल, बायोस व्हर्जन, आणि दोषाचं वर्णन. फॉर्मने पहिल्यांदा मला घेतलंच नाही, कारण पिनकोड घातला की जिल्हा आपोआप एका स्पेलिंगने येतो आणि खालच्या यादीत तोच जिल्हा जुन्या नावाने, दोन्ही जुळत नाहीत म्हणून लाल अक्षरात चूक. शेवटी फोनवरच्या बाईंनीच आतून दुरुस्त करून दिलं.

वर्णनात "रॅम चालत नाही" असं मोघम लिहू नका. मी लिहिलं: कुठलं बायोस, ४८०० वर चार फेऱ्या शून्य एरर, एक्स्पो ६००० वर एरर, अमुक सिरियलची स्टिक एकटी दोन्ही स्लॉटमध्ये नापास, दुसरी दोन्हींत पास, सोबत फोटो. मला वाटतं त्यामुळंच उलटे प्रश्न आले नाहीत, दुसऱ्या दिवशी मंजुरीचा मेल आला. पण एक अट, खराब स्टिक एकटी घेत नाहीत, किट पूर्ण पाठवायचं, कारण बदलून देणार ती जोडी एकत्र तपासलेली. म्हणजे अ सुद्धा जाणार आणि नवं मशीन रॅमविना बसणार. शिवाय घरून पिकअप आमच्या पिनला नाही, स्वतः कुरिअर करून बेंगळुरूला पाठवा.

१८ जुलैला पाठवलं. मूळ प्लास्टिकच्या खोक्यात, वरून बबल रॅप, बिलाची झेरॉक्स आणि कुरिअरवाल्याने मागितली म्हणून "दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही" अशी साध्या कागदावर सही केलेली चिठ्ठी. विम्यासकट २४० रुपये. स्टिकवरचं ते धातूचं कव्हर उचकटून आतल्या चिप कुठल्या ते बघायचा मोह होतो, करू नका, वॉरंटी तिथंच संपते. ते बघायला सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर आहे.

मग वाट. स्टेटस कधी "मिळाले", मग किती दिवस "तपासणी चालू". तेवढ्यात जुन्या पीसीवर दोन जावळांचे आणि एका बारशाचे व्हिडिओ ओढत ओढत काढले, आणि गणपतीच्या आधी मंडळांचे फोन सुरू होणार ह्या विचाराने रोज सकाळी ते स्टेटसचं पान उघडायचो. चिडचिड झाली हे खरं. नवं कॅबिनेट कोपऱ्यात चादर घालून ठेवलेलं, येणारा जाणारा विचारायचा, काय, चालू केलं नाही अजून?

रक्षाबंधनाच्या आदल्या दिवशी, ८ ऑगस्टला, पार्सल आलं. पार्ट नंबर तोच, सिरियल वेगळे. लावलं, ट्रेनिंगला सोडलं, सगळी टेस्ट पहिल्यापासून. एक रात्र ४८००, एक रात्र ६०००. दुसऱ्या सकाळी चार फेऱ्या, शून्य एरर. मग विंडोज घातलं आणि त्यातही ओसीसीटी नावाच्या सॉफ्टवेअरची मेमरी टेस्ट तासभर चालवली, कारण मेमटेस्ट चालतो तेव्हा ग्राफिक कार्ड थंड असतं, खऱ्या कामात कॅबिनेट तापतं आणि डीडीआर५ ला उष्णता सोसत नाही. तीही पास.

सीपीयू-झेडमध्ये बघितलं तर नव्या किटच्या चिप वेगळ्याच कंपनीच्या. पाठवायच्या आधी जुन्या किटवर विंडोज नव्हतं, पण मेमटेस्टच्या स्क्रीनवर चिप कंपनीचं नाव आलं होतं त्याचा फोटो होता, म्हणून कळलं. डब्यावरचं नाव, पार्ट नंबर, किंमत सगळं सारखं, आत मात्र चिप बदललेली, हे रॅमच्या धंद्यात सर्रास चालतं. म्हणून "माझ्याकडं हेच किट आहे, मस्त चालतंय" असं कुणी सांगितलं तरी ते त्याचं किट.

सीपीयू-झेडचीच अजून एक गंमत, त्यात स्पीड ३००० दिसतो आणि लोकांना वाटतं अर्धीच रॅम चालू आहे. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, खरा क्लॉक ३०००, म्हणून ६०००. टास्क मॅनेजरमध्ये ६००० दिसला की निवांत राहा.

एक किरकोळ त्रास राहिला होता. रोज सकाळी चालू केलं की स्क्रीन यायला मिनिटभर, कारण ट्रेनिंग थोडीफार दर वेळी होते. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर असा पर्याय असतो, तो चालू केला की मागच्या ट्रेनिंगचं उत्तर जपून ठेवतात आणि पटकन सुरू होतं. केला. दोन दिवसांनी सकाळी थंड मशीन चालू केलं आणि निळी स्क्रीन. बंद केला, परत कधी आली नाही. काही बोर्डांवर नीट चालतो म्हणतात, माझ्यावर नाही, एक मिनिट मला परवडतं.

आता प्रश्न, एवढं सगळं करून ६००० चा उपयोग काय झाला. एकच लग्नाचा टीझर ४८०० वर आणि ६००० वर रेंडर करून बघितला, फरक इतका बारीक की क्लायंटला सोडा मलाही जाणवला नसता. खरा फरक १६ चे ४८ जीबी झाले त्याने पडला, तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन आता अडत नाही. त्यामुळं तुमची रॅम ६००० वर हटून बसली आणि ५६०० किंवा ५२०० वर दोन्ही स्टिक स्वच्छ पास होत असतील, आणि बदलून मिळायची सोय नसेल, तर जिवाला लावून घेऊ नका, तिथंच ठेवा. माझी तक्रार वेगाची नव्हती, जोडीतली एकच स्टिक नापास होती ही होती.

गणपतीत, २७ ऑगस्टपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, मंडळांची मिरवणूक, देखावे, सगळं ह्याच मशीनवर काढलं, रात्र रात्र चालू होतं.

दिवाळीनंतर संकेश्वरच्या एका फोटोग्राफर मित्राचा फोन, त्याच्याकडं असाच बी६५०, दोन १६ च्या स्टिक, दोन स्लॉट रिकामे आहेत तर अजून दोन टाकू का म्हणून. त्याला सांगितलं थांब. ह्या प्रोसेसरवर चार स्टिक लावल्या की एएमडीची हमी ५२०० वरून ३६०० वर येते, नशीब असेल तर जास्त चालतं, नसेल तर पिवळा दिवा, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन किटं जुळतील ह्याची जबाबदारी रॅम कंपन्या घेत नाहीत. वाढवायचीच तर आहेत त्या विकून ३२-३२ ची जोडी घ्यायची. पण तोपर्यंत भाव असे काही वर गेले होते की माझं १३,९०० चं किट दुपटीच्या वर दिसायला लागलं, एआयवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून हे चाललं होतं. त्याने हिशेब केला आणि रॅमचा नाद सोडला, त्याचा अर्धा त्रास डिस्क भरल्याचा होता, तर एक टीबीची एसएसडी घेतली आणि रिझॉल्व्हचा कॅशे (तात्पुरत्या फाईली) तिच्यावर टाकला.